बचत विद्यापीठाची, भुर्दंड विद्यार्थ्याला

मुक्त विद्यापीठ ही कल्पना समाजवाद्यांना परकी नाही. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षीय सरकारने ती १९६९ साली प्रत्यक्षात आणली. जेनी ली यांनी मंत्रिपदावरून तिचा नेटाने पाठपुरावा केला. आपल्याकडे आंध्रात १९८२, दिल्लीत १९८५ आणि नाशिकला १९८९ साली अशी विद्यापीठे उभी राहिली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पण गंगा घरोघरी न्यायची तर पाट खणावे लागतात आणि पाटावर पाटकरी नेमावा लागतो. दूरशिक्षणातला पाटकरी म्हणजे अभ्यासकेंद्रावरचा संमंत्रक, तिथला कारकून, विद्यार्थ्याच्या पत्राला उत्तर देणारा अधिकारी. काटकसरीची कुऱ्हाड पडते ती यांच्यावरच.

असे का व्हावे? पाठ्यपुस्तक एकदा लिहून झाले की हजाराऐवजी लाख विद्यार्थी आले तरी लेखनाचा खर्च तेवढाच राहतो. दरडोई तो घसरत जातो. ओटो पीटर्स या जर्मन अभ्यासकाने दूरशिक्षणाची तुलना कारखानदारी उत्पादनाशी केली, ती उगाच नव्हे. स्वाध्याय वाचून त्यावर शेरा लिहिणे, अडलेल्याला समजावणे, चुकीची गुणपत्रिका दुरुस्त करणे हा खर्च मात्र प्रत्येक विद्यार्थ्यागणिक वाढतो. वित्त विभागाच्या डोळ्यांत तोच सलतो. तो छाटला की ‘बचत’ झाली! (बचत म्हटले की कोणाची, हे आधी विचारावे, ही अर्थशास्त्राच्या शिक्षकाची जुनी खोड.) वस्तुतः तो खर्च नाहीसा होत नाही, विद्यार्थ्याच्या अंगावर ढकलला जातो. नावातली एक वेलांटी सुधारण्यासाठी विभागीय केंद्राच्या गावी दोनदा खेटे घालणाऱ्या शेतमजूर स्त्रीचे एसटीभाडे आणि बुडालेला रोज कोणत्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात दिसतो?

यावर ठरीव उत्तर येते : आता सारे ऑनलाइन आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ पासून ‘डेब-आयडी’ सक्तीचा केला. बोगस संस्थांना आळा घालण्याचा हेतू रास्तच. परंतु आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळले नाही, तर वाट दाखवायला कोण आहे? नाक्यावरचा सायबर कॅफेवाला, आणि तोही पैसे घेऊन. विद्यापीठाची खिडकी अशी गाजावाजा न होता खासगी दुकानात गेली. खासगीकरणाचा ठराव कुठेच मांडावा लागला नाही.

यंत्र आले म्हणून माणूस नको, हा युक्तिवाद इंग्लंडातही झाला. ओपन युनिव्हर्सिटीने २०१५ साली तिथली बहुतेक विभागीय केंद्रे बंद करण्याचे ठरवले, तेव्हा प्राध्यापकांच्या संघटनेने संप केला. केंद्रे वाचली नाहीत. पण त्याच संघटनेच्या दीर्घ वाटाघाटींमुळे २०२२ साली तिथल्या मुदतबंद करारावरील हजारो शिक्षकांना कायम नेमणुका मिळाल्या. आपला संमंत्रक आजही सत्रागणिक मानधनावर आहे, आणि त्याची बाजू मांडायला संघटना नाही.

ही उणीव आपण भरून काढली पाहिजे. साथींनी येत्या प्रवेशकाळात आपल्या तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर एक रविवार जाऊन बसावे. केंद्र उघडते का, संमंत्रण खरोखर होते का, पुस्तके परीक्षेपूर्वी पोहोचतात का, दूरध्वनी कोणी उचलते का, याची विद्यार्थ्यांच्या सह्यांनिशी नोंद करावी. ती नोंद कुलगुरूंना द्यावी, आणि लेखी उत्तर ठरावीक दिवसांत मागावे.