अब्रू कोणाची?

डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने फादर जॉन्सन लॉरेन्स या कॅथलिक धर्मगुरूस जन्मठेपेची शिक्षा दिली. शिवाजीनगर येथील चर्चचा तो प्रमुख होता. २०१५ साली त्याच चर्चमध्ये प्रार्थनेस येणाऱ्या एका अल्पवयीन मुलावर त्याने लैंगिक अत्याचार केल्याचे सिद्ध झाले. न्यायाचे चक्र सहा वर्षांनी का होईना, फिरले. परंतु आपल्या धर्मगुरूवर असा आरोप आला असता श्रद्धावान समाजाने कसे वागावे, हा प्रश्न त्या शिक्षेने मिटलेला नाही. नांदेड-लातूरच्या वाचकांस हा प्रश्न दूरच्या मुंबईचा व मूठभर कॅथलिकांचा वाटेल. तो तसा नाही असे आमचे मत आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालकांच्या संरक्षणासाठी जगभरच्या बिशपांची परिषद व्हॅटिकनमध्ये भरली. तिच्या संयोजकांत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस हे होते. नेमके त्याच वेळी बीबीसीने या मुलाच्या कुटुंबाची कैफियत प्रसिद्ध केली. आर्चबिशपांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, पण रोमला निघायचे असल्याने आम्हांस वेळ दिला नाही, असे कुटुंबाचे म्हणणे होते. या आरोपाने आपण दुखावलो आहोत, असे कार्डिनल म्हणाले. तथापि पोलिसांना आपण स्वतः कळविले नव्हते, हे त्यांनी मान्य केले. प्रार्थनेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु जखमी मुलाला आधी वैद्य लागतो आणि त्याच्या आईला आधी फिर्याद लिहून घेणारा माणूस लागतो.

अशा टीकेला कॅथलिक समाजातून येणारी उत्तरे ढोबळ मानाने तीन प्रकारची असतात. पहिले उत्तर असे, की हा सारा चर्चच्या शत्रूंचा कावा आहे. ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या शेजारच्या धाराशिव येथे जानेवारी २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आयुष्य मराठीच्या सेवेत गेले होते. तरीही ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्यावरून त्यांच्या अध्यक्षपदास विरोध झाला. अल्पसंख्य समाजाला हे विसरता येत नाही, आणि बाहेरून आलेला प्रत्येक शब्द त्याला वार वाटू लागतो. परंतु या प्रकरणात फिर्यादी कोण होता? तो शत्रू नव्हता. मिस्सेला जाणारे ते कॅथलिक घरातलेच मूल होते. टीकेला धर्मावरील हल्ला म्हटले, की सर्वांत आधी आपल्याच समाजातले ते मूल परके ठरते.

दुसरे उत्तर आकड्यांचे असते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन जे महाविद्यालयाच्या पाहणीत १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे चार टक्के होते. असे पापी शिक्षकांत नाहीत काय, नातेवाइकांत नाहीत काय, असे विचारले जाते. आहेत, निःसंशय आहेत. पण चर्चवरील मुख्य आक्षेप त्यात पापी निघाले हा नाही. बोस्टन शहरात २००२ मध्ये जे उघडकीस आले ते हे, की वरिष्ठांना ठाऊक असूनही अशा धर्मगुरूंची एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये केवळ बदली होत राहिली. टक्केवारीने या आक्षेपाला उत्तर मिळत नाही.

तिसरे उत्तर देणारे थोडे असतात, परंतु आमच्या दृष्टीने खरे श्रद्धावान तेच. सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीच्या रस्त्यावर पाच धर्मभगिनी आपल्या एका सहभगिनीसाठी धरणे धरून बसल्या. त्यांनी ज्या बिशपविरुद्ध दाद मागितली त्यांना जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडले, हेही नमूद केले पाहिजे. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु आरोपाची चौकशी व्हावी यासाठी धर्मभगिनींना रस्त्यावर यावे लागले, ही गोष्ट निकालाने पुसली जात नाही. खुद्द पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१८ मध्ये चिलीतील पीडितांच्या आरोपाला निंदानालस्ती म्हटले होते. नंतर त्यांनी चौकशी करविली, एप्रिलमध्ये आपली गंभीर चूक जाहीरपणे कबूल केली आणि पीडितांस रोमला बोलावून घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी अशा प्रकरणांवरील धार्मिक गोपनीयतेचे बंधनही उठविले. पोपने चूक कबूल केल्याने चर्च बुडाले नाही.

आमच्या देशात तर हा केवळ सदसद्विवेकाचा प्रश्न उरलेला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळताच पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या, असे म्हणण्याची मुभा बिशपाला नाही, महंताला नाही आणि मुख्याध्यापकालाही नाही.

आता आपल्याकडे वळू. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा शाळाचालकांवर याच कर्तव्यात कसूर केल्याचा गुन्हा नोंदवावा लागला. तेथे चर्च नव्हते, पोप नव्हता. होती ती केवळ संस्थेच्या नावाची काळजी. नांदेड व लातूर या शहरांत हजारो मुले आईबापांपासून दूर, वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहून शिकतात. आपल्या शिकवणीवर्गांचा, शाळांचा, मठ-मंदिरांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण उद्या त्यांपैकी एखाद्या मुलाने तोंड उघडले, तर आपला पहिला प्रश्न कोणता असेल? ‘हे कोण पसरवीत आहे?’ हा, की ‘बाळ, तुला काय झाले?’ हा? कॅथलिकांची परीक्षा जगासमोर चालली आहे म्हणून ती आपल्याला दिसते. आपली परीक्षा बंद दारांआड चाललेली असते, एवढाच फरक. संस्थेची अब्रू गप्प राहिल्याने वाचत नाही. तिच्या आश्रयाला आलेले मूल सुरक्षित असेल, तरच ती अब्रू.