खडकीची माणसे पोर्ट लुईत

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की माझ्या भूगोलाची हद्द होळकर पुलापाशी सुरू होते आणि रेंज हिल्सपाशी संपते. खडकी बाजारातली भाजीवाली, स्टेशनावरची गर्दी, शेजारपाजारची लग्नकार्ये, एवढ्या भांडवलावर मी इतकी वर्षे लिहीत आले. तेव्हा दिवाळी अंकात एकदम समुद्रापलीकडचा मजकूर पाहून कुणी ‘बाईंना आता परदेशचे वारे लागले’ असे म्हटले, तर मी मुळीच रागावणार नाही. कारणच तसे घडले.

आमची लेक आणि जावई मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुई या बंदरगावी नोकरीला असतात. यंदा भाद्रपदात लेकीने आम्हा दोघांना बोलावून घेतले. त्या बोलावण्यामागे बेत होता. “खडकीत आता तुम्ही दोघेच. आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत, बाबांना रात्री दिसत नाही. घर बंद करा आणि इथेच या,” असे ती वर्षभर म्हणत होती. शेवटी तडजोड ठरली. चार दिवस गाव पाहायचे आणि पाचव्या दिवशी उत्तर द्यायचे.

आमच्या ह्यांनी निकाल विमानातच देऊन टाकला. सारी हयात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढलेला माणूस, बोलणे मोजून मापून. म्हणाले, “गाव बघू. राहायचे नाव काढू नका. ज्या गावची भाषा येत नाही, तिथे म्हातारपण काढायचे म्हणजे मुक्याने किर्तनाला बसायचे.”

पोर्ट लुईला पोचल्यावर आधी घड्याळ दीड तास मागे सारले. बेट तसे लहान. आपल्या पुणे जिल्ह्यात अशी आठ बेटे मावतील! पण भाषांचा संसार केवढा! कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच, आणि घरीदारी, बाजारात, बसमध्ये क्रिओल. फ्रेंच भाषेला कित्येक मुलखांच्या माणसांनी आपापल्या तोंडाप्रमाणे वळवून घेतले, ती ही बोली. नोटा मात्र रुपयाच्याच, आणि त्यांवर इंग्रजीच्या जोडीला तमीळ व देवनागरी अक्षरे! ती पाहून ह्यांनी पाकीट जरा सैल केले.

पहिल्या दिवशी लेक-जावई कामावर गेले आणि आम्ही दोघे पिशवी घेऊन मंडईत गेलो. कोणतेही गाव मला मंडईतून कळते. भेंडीला इथे ‘लालो’ म्हणतात, वांग्याला ‘ब्रेंजेल’, आणि कोथिंबिरीला ‘कोतोमिली’. हा शेवटचा शब्द तमीळ मजुरांबरोबर आला असणार. दाराशी एक फेरीवाला डाळपुऱ्या विकत होता. ‘ढोल पुरी’ म्हणतात तिला. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण भरून लाटलेली मऊ पोळी, दोन-दोनची जोडी, आत उसळ आणि तिखट चटणी. आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची सख्खी बहीणच म्हणा! फेरीवाला ह्यांना ‘तोंतों’ म्हणाला. ह्यांच्या कपाळाला आठी पडली. संध्याकाळी लेकीने उलगडा केला, “अहो बाबा, तोंतों म्हणजे काका!” दुसऱ्या दिवशी हे आपणहून डाळपुरी खायला निघाले.

त्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाव पायी घातले. बंदरासमोर ताडांच्या रांगा आणि ला बुर्दोने या फ्रेंच गव्हर्नराचा पुतळा. 1735 पासून त्याने इथले बंदर उभारले. टेकडीवर इंग्रजांचा किल्ला, खाली त्यांनी 1812 साली सुरू केलेले घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. चिनी दुकानांच्या गजबजाटात जुनी जामा मशीद, थोडे पुढे चर्च, आणखी पुढे तमिळांचे देऊळ. पुण्याच्या पेठेतला माणूस कदाचित इथे बावरला असता. मी बावरले नाही. छावणीच्या गावात वाढलेल्या माणसाला तेलुगू शेजारीण, तमीळ दूधवाला, गुरखा पहारेकरी आणि रविवारची चर्चची घंटा यांचे नवल ते काय! हे म्हणाले, “साहेबाने हे बेट फ्रेंचांकडून 1810 साली घेतले, आणि 5 नोव्हेंबर 1817 ला आपल्या खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेला हरवले. सात वर्षांचे अंतर. दोन्ही गावांची घडी एकाच हाताची.” परतताना नव्या मेट्रोत बसलो. 2020 च्या जानेवारीत उतारूंसाठी सुरू झालेल्या या गाडीचा मार्ग आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधला, हे कळल्यावर ह्यांनी डब्याचे सांधे आणि दारांच्या बिजागऱ्या तपासून समाधानाने मान हलवली.

तिसरा दिवस मात्र हसण्याचा नव्हता. बंदराच्या काठी आप्रवासी घाट आहे. 1834 साली ‘अॅटलस’ जहाजातून 36 हिंदी मजूर या बेटावर उतरले. गुलामगिरी उठत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. इंग्रज सरकारने त्याला ‘थोर प्रयोग’ असे नाव दिले. पुढे 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे इथे आली. कोणी राहिले, कोणी पुढे दुसऱ्या वसाहतींकडे पाठवले गेले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही निघण्याची बंदरे. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसे पुष्कळ. 1849 पासून उभारलेल्या या तळावरच्या दगडी भिंती आणि सोळा पायऱ्या उरल्या आहेत. युनेस्कोने 2006 साली हे ठिकाण जागतिक वारशात घेतले.

त्या पायऱ्यांपाशी मी उभी राहिले आणि मनात हिशेब मांडला. आम्हाला गाव पाहायला चार दिवस मिळाले होते, आणि ‘नको’ म्हणायची मुभाही होती. त्या माणसांचे इथले पहिले दोन-तीन दिवस या तळावरच्या छपराखाली गेले. नाव लिहून घेतले, क्रमांक दिला, आणि मळ्यावर रवानगी. गाव कसले आणि बाजार कसला! पुढची वर्षे कराराची. नोंदणीत कारकुनाने जे एकट्या माणसाचे नाव लिहिले, तेच पुढे कित्येकांच्या कुळाचे आडनाव झाले.

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या घराण्यातला पहिला माणूस रत्नागिरीकडूनच निघाला. बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरला, तिथून खडकीला येऊन कारखान्यात लागला. त्याच्या आधीच्या पिढीची माणसे त्याच मुंबईहून इकडच्या जहाजात चढली. पोटासाठीच ना दोघेही? एक धक्का इकडचा-तिकडचा, म्हणजे मी आज इथला ‘तोंतों’ असतो.”

चौथ्या दिवशी गणपती. इथे गणेश चतुर्थीची देशाला सुट्टी असते. लेकीच्या ओळखीच्या एका मराठी घरी आम्ही गेलो. घरात सगळे बोलणे क्रिओलमध्ये. हे माझ्याकडे बघून भुवई उंचावतात न उंचावतात तोच आरती सुरू झाली. पाचव्या पिढीची माणसे, चाल आपलीच, शब्द आपलेच, फक्त हातातल्या वह्यांत ते रोमन अक्षरांत लिहिलेले. मग पुरुषांनी फेर धरून ‘झाकरी’ केली, म्हणजे आपल्या कोकणातली जाखडी.

विसर्जनाहून आल्यावर घरच्या आजीबाई माझ्याशेजारी बसल्या. लेकीने दुभाषाचे काम केले. आजींनी वही उघडून एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “हे मी सहा वर्षांची असल्यापासून म्हणते. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. याचा अर्थ काय हो?”

मी एकेक शब्द फोडून सांगत गेले. नात शाळेत मराठी शिकते. पूर्वजांची भाषा म्हणून ती इथल्या शाळांत शिकवतात. ती धावत वही घेऊन आली आणि देवनागरीत उतरवून घेऊ लागली. माझ्या डोळ्यांपुढे खडकीचा आमचा नातू आला. त्याला मराठीतला ‘एकोणऐंशी’ कळत नाही आणि ते तो ऐटीत सांगतो. अर्थ गेला तरी शब्द सोडायचे नाहीत, अशी हट्टी माणसे ही. आम्ही अर्थासकट सगळे जवळ असून हातातून निसटू देतो! निघताना आजी म्हणाल्या, “पुढच्या मंगळवारी याल ना? अजून पुष्कळ ओळी आहेत.”

पाचव्या दिवशी चहाच्या वेळी लेकीने उत्तर मागितले. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, “खडकीचे घर बंद होणार नाही. घर उघडे असले म्हणजे माणूस कुठेही राहू शकतो. पण मंगळवारची शिकवणी आहे म्हणतात तुझी आई, तेव्हा कागदपत्रे देतील तितके दिवस राहू. पुन्हा पुढच्या भाद्रपदात येऊ.” मुक्याने किर्तनाला बसायच्या गोष्टीची आठवण मी ह्यांना करून दिली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढे शिकले आहे.

आता आजींच्या वहीची बारा पाने झाली आहेत. हे दर मंगळवारी मला तिथे सोडतात आणि कोपऱ्यावर क्रिओलमध्ये डाळपुरी मागतात. “द ढोल पुरी, तोंतों,” असे फेरीवाल्यालाच म्हणतात, म्हणजे काका कोण आणि पुतण्या कोण, काही कळत नाही. यंदाचे लाडू इथेच वळले. दिवाळीलाही या देशात सुट्टी आहे. तुम्हा सर्वांना, आणि माझ्या खडकी बाजाराला, ही दिवाळी सुखाची जावो.