विक्रीपूर्वींची दक्षिणा

कार्य सुरू होण्यापूर्वींच गुरुजींच्या हातीं दक्षिणा ठेवण्याची रीत आपल्याकडे नाहीं. कार्य सिद्धीस गेलें, आशीर्वाद झाले, कीं मग यजमान यथाशक्ति दक्षिणा देतो. व्यवहारांतहि हीच रीत शहाणपणाची आहे, हें पटविणारा एक प्रसंग आमच्या घरच्याच माणसावर गुदरला. तो त्यांच्या अनुमतीनें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे थोरले मावसबंधु फार वर्षांपासून अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतात. व्यवसायानें इंजिनिअर, आतां सेवानिवृत्त. मुलगा, सून व नातवंडें सर्व एकाच घरांत. वीसएक वर्षांपूर्वीं मेक्सिकोंतील कान्कून येथें सहलीस गेले असतां त्यांनीं समुद्रकांठच्या एका निवासांत 'टाइमशेअर' घेतला. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत युरोपांत निघाली व पुढें अमेरिकेंत फोफावली. सबंध घर विकत न घेतां त्या घराचा वर्षांतील एक आठवडा विकत घ्यावयाचा. तेवढा आठवडा घर आपलें, एरवीं इतरांचें. देवस्थानच्या पूजेची पाळी भाऊबंदांत वांटलेली असते, तसाच हा प्रकार. मात्र आपण गेलों वा न गेलों, तरी देखभालीची वर्गणी दरसाल भरावीच लागते, आणि ती बहुधा वाढतच जाते.

पुढें दादांचे गुडघे दुखूं लागले, मुलांना त्याच त्या ठिकाणीं जाण्याचा कंटाळा आला, आणि वर्गणी मात्र सुटेना. आठवडा विकून मोकळें व्हावें, असें त्यांच्या मनांत घोळूं लागलें. अशा वेळीं एका गृहस्थाचा दूरध्वनि आला. त्याला दादांचें नांव, निवासाचें नांव, आठवड्याचा क्रमांक, सर्व ठाऊक होतें. "आपल्या आठवड्याला गिऱ्हाईक तयार आहे, आपण चौदा हजार डॉलर दिलेत, तो अठ्ठावीस हजार देतो," असें त्यानें सांगितलें. सुबक करारपत्र आलें. सही झाल्यावर कळलें, कीं मेक्सिको सरकारचा कर म्हणून एकोणीसशे डॉलर आधीं भरावयाचे. विक्री होतांच ते परत मिळतील. दादांनीं ते भरले. महिन्याभरानें आणखी एक कर निघाला, चौतीसशे डॉलरांचा. तोहि भरला. त्यानंतर गिऱ्हाईकहि नाहीं आणि तो गृहस्थहि नाहीं.

गेल्या वर्षीं आम्ही त्यांच्याकडे उतरलों असतां एके दुपारीं सूनबाईंनीं बँकेचा एक कागद आमच्यापुढें ठेवला. "काका, बाबांना मी कसें विचारूं? पण हे पैसे परदेशच्या बँकेंत कां गेले, तें समजत नाहीं. आणि हल्लीं फोन आला, कीं ते एकटेच अंगणांत जाऊन बोलतात."

रात्रीं आम्हीं विषय काढला. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, चाळीस वर्षें पूल बांधले, एका खिळ्याचा हिशेब चुकूं दिला नाहीं. आतां सुनेला काय सांगूं? पण एक वकील भेटला आहे. बाराशे डॉलर दिले, तर तो सगळी रक्कम सोडवून देणार आहे. तेवढें झालें, कीं कोणाला सांगायलाच नको."

हा 'वकील' म्हणजे त्याच नाटकाचा तिसरा अंक होता. अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपासखात्यानें व अर्थखात्यानें २०२४ सालीं याविषयीं जाहीर इशारा दिला आहे. त्यांत म्हटलें आहे, कीं मेक्सिकोंतील आठवड्यांच्या मालकांना फसविण्याचा हा धंदा 'हालिस्को न्यू जनरेशन' नांवाची अमली पदार्थांचा व्यापार करणारी टोळी चालविते. निवासांतील फितुरांकडून मालकांच्या याद्या मिळविल्या जातात. प्रथम दलाल म्हणून, मग बुडालेले पैसे सोडविणारे वकील म्हणून, आणि शेवटीं सरकारी अधिकारी म्हणूनहि तींच माणसें बोलतात. २०१९ ते २०२३ या काळांत सुमारें ६,००० अमेरिकन रहिवाशांनीं अशा फसवणुकीच्या तक्रारी केल्या, व बुडालेली रक्कम ३० कोटी डॉलरांच्या घरांत जाते. शरमेनें गप्प राहिलेल्यांची गणती यांत नाहीं.

एवढे लोक लोभी होते, असें म्हणणें अन्यायाचें होईल. बहुतेकांना नफा नको होता, ओझें उतरावयास हवें होतें. शिवाय पहिली रक्कम गेली, कीं ती वांचविण्यासाठीं दुसरी द्यावीशी वाटते. हें ओळखूनच दुसरी मागणी पहिलीपेक्षां मोठी ठेवलेली असते.

यासाठीं मुळांतलें सत्य आधीं जाणावें. जुन्या आठवड्याला बाजारांत बहुधा फार थोडी किंमत येते. मूळ किंमतीचा मोठा भाग विकणाऱ्याच्या जाहिरातींत व दलालींत गेलेला असतो; आणि घेणाऱ्याच्या गळ्यांत वर्गणी पडते. एका डॉलरला देऊं केलेल्या आठवड्यालाहि कित्येकदां गिऱ्हाईक मिळत नाहीं. तेव्हां घरबसल्या कोणी दुप्पट किंमत सांगूं लागला, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावें.

दुसरी खूण त्याहून स्पष्ट आहे. विक्रीपूर्वीं मागितलेला पैसा, मग त्याला कर म्हणोत, नोंदणीखर्च म्हणोत कीं जाहिरात म्हणोत, देऊं नये. युरोपीय संघाच्या २००८/१२२ या क्रमांकाच्या निर्देशान्वयें टाइमशेअरच्या पुनर्विक्रींत, विक्री प्रत्यक्ष होईपर्यंत वा करार संपेपर्यंत, ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. ब्रिटननें २०१० सालीं याच अर्थाचे नियम केले. अमेरिकेंत फ्लॉरिडा राज्यांत स्थावराच्या दलालानें असा आठवडा विक्रीस नोंदविण्याबद्दल आगाऊ शुल्क घेणें बेकायदा आहे. प्रामाणिक दलाल आपली दलाली विक्रीच्या रकमेंतून घेतो. ज्याला विक्रीची खात्री आहे, त्याला थांबण्यास अडचण ती कोणती?

मग विकूं इच्छिणाऱ्यानें करावें काय? प्रथम मूळ निवासाच्या व्यवस्थापनास विचारावें. वर्गणी थकलेली नसल्यास कांहीं ठिकाणीं आठवडा परत घेतात. तो फुकट गेला, तरी पुढील वर्गणी सुटते, हाच नफा समजावा. दलाल हवा असेल, तर आपण होऊन शोधावा व त्याचा परवाना सरकारी दप्तरांत पाहावा. त्यानें दिलेल्या क्रमांकावर चौकशी करूं नये. क्रमांक आपण स्वतंत्र मिळवावा. सर्व बोलणें कागदावर घ्यावें. आणि "आजच्या आज" असा तगादा लागला, कीं बोलणें तेथेंच संपवावें.

आपल्याकडेहि दीर्घ मुदतीचें सहलीचें सदस्यत्व घेतलेलीं पुष्कळ कुटुंबें आहेत. त्यांनींहि हाच नियम पाळावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाहि विलंब न लावतां बँकेस कळवावें, व भारतांत १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या कांहीं तासांत रक्कम अडविण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

दादांचे बाराशे डॉलर वांचले. आधींचे परत आले नाहींत, व येतील अशी आशाहि आम्हांला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सर्व हकीकत घरांत सांगितली. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "बाबा, पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें, तर दोघांनीं मिळून विचार केला असता." दोघांनीं बसून तक्रार लिहिली. आतां अनोळखी माणसाचा फोन आला, कीं दादा तो घेत नाहींत, आणि घेतलाच तर बाहेरच्या खोलींत, सर्वांसमक्ष.

वाचकहो, जेथें चारजण एका पंक्तीला जेवतात, तेथें ठकाला शिरकाव मिळतो तो एकमेकांपासून लपविल्यामुळेंच. वडिलांनीं विचारण्यांत कमीपणा मानूं नये, आणि फसगत झालीच तर धाकट्यांनीं हंसूं नये. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर हें पान घरांत मोठ्यानें वाचावें, एवढी विनंती करून येथेंच थांबतों.