रन किती झाले?

इंग्रजी चांगलं येतं म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. ज्याच्या तोंडी लांबलचक, जीभ वळता वळत नाही असे शब्द, त्याचं इंग्रजी पक्कं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अशा शब्दांच्या याद्याच्या याद्या असतात, मुलं त्या घोकतात, आणि किती शब्द पाठ झाले यावर शब्दसंपत्ती मोजली जाते. माझं म्हणणं असं, की हा हिशेब उलटा आहे. ‘फोटोसिंथेसिस’ दिसायला भारदस्त, पण एकदा कळला की कळला. कुठल्याही वाक्यात आला तरी झाडाचं पान सोडून तो कुठे जात नाही. खरा घोळ घालतो तो ‘रन’. पहिलीतल्या पोराला येणारा आणि भल्याभल्यांना पुरता न आवरणारा.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली आणि २०११ च्या सुमारास तो मान ‘रन’कडे गेला. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने घालवले आणि अर्थ भरले ६४५. आपण स्कोअर विचारताना म्हणतो तो रन म्हणजे नाम, त्याचा हिशेब वेगळाच. हे ६४५ आले कुठून? जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वजाला धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ होते. त्यामुळे इंग्रजीत नाक ‘रन’ होतं, नळ ‘रन’ होतो, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो, यात विचित्र काही नाही. ते मूळचंच वाहणं आहे. मग यंत्रं आली. इंजिन, गिरणी, आगगाडी, शेवटी संगणकातला प्रोग्रॅम, जे जे सुरू होऊन चालू राहतं त्या सगळ्याला हेच क्रियापद चिकटलं. (मराठी इथे धावत नाही, चालते: दुकान चालतं, घड्याळ चालतं, नाटक चालतं.) शिवाय वर्तमानपत्राने बातमी छापणं, धोका पत्करणं, अंगात ताप असणं, हेही ‘रन’च. घरातली साखर संपणं, वाटेत कुणी अवचित भेटणं आणि कुणाच्या अंगावर गाडी घालणं या तिन्ही गोष्टी इंग्रजी माणूस ‘रन’वरच भागवतो, फरक करतात ते मागून येणारे ‘आउट’, ‘इंटू’ आणि ‘ओव्हर’ हे चिमुकले शब्द. ‘रनआउट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे यष्ट्या उडतात, लंडनच्या दुकानदाराकडे मात्र माल संपलेला असतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपलाही उभाच राहतो आणि बहुधा पडतो, हे त्यातल्या त्यात सुसंगत.

यावर इंग्रजीचे भक्त म्हणतील, केवढी ही श्रीमंती! मराठीचे अभिमानी म्हणतील, शब्दांचा दुष्काळ, म्हणून एकालाच राबवतात. मला दोन्ही पटत नाही. आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, घाटात बस लागते, आणि अमका माझा चुलता लागतो. वर ‘जावं लागतं’मधली सक्ती वेगळी आणि ‘रडू लागला’मधली सुरुवात वेगळी. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला यातून वाट काढताना घाम फुटतो, पण म्हणून मराठी गरीब ठरत नाही. हार्वर्डचे जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये शब्दांचा वापर आणि त्यांचे अर्थ यांची सांगड तपासली, तेव्हा जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थही जास्त असं दिसलं. म्हणजे प्रश्न राबत्याचा आहे. आता कुणी म्हणेल, ६४५ हा आकडाच फुगवलेला. गाडी चालते आणि घड्याळ चालतं हे दोन अर्थ की एकच? आक्षेप रास्त आहे. अर्थाचे तुकडे किती बारीक करायचे हे कोशकाराच्या सुरीवर असतं. पण आकडा निम्मा केला तरी शिकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं निम्मं होत नाही.

हे ओझं नजरेआड केलं की काय होतं, ते सी. के. ऑग्डेन यांच्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये दिसतं. १९३० मध्ये त्यांनी जगासाठी अवघ्या ८५० शब्दांची इंग्रजी मांडली. १९४३ मध्ये चर्चिल यांनीही तिची पाठराखण केली. बहुतेक सगळी क्रियापदं काढून टाकून ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गो’ अशी मोजकीच ठेवली होती. ‘डिसेंड’ कशाला, ‘गो डाउन’ म्हणा. वरवर पाहता केवढी सोय! पण ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही शब्द यादीत असले, तरी ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, हे त्या तिघांवरून कुणाला कळणार? यादी आखूड झाली, शिकायचं तेवढंच राहिलं. फक्त ते मोजणीतून निसटलं.

छोटे शब्द गप्पांपुरते, ज्ञानाला जड शब्दच हवेत, हाही एक आक्षेप ऐकू येतो. गणितातला ‘सेट’, बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडते तो ‘रन’, अर्थशास्त्रातला ‘लाँग रन’ या काही गप्पा नव्हेत. त्याहून वजनदार आक्षेप असा, की हे शब्द कानावर पडूनच येतात, शिकवून येत नाहीत. ज्या घरात इंग्रजी बोलली जाते तिथे ते खरं आहे. पण राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली, ती अशा घरांसाठी नव्हे. त्या मुलांच्या कानावर पडणार कुठून? त्यांना ते वाक्यांतून, जोडीच्या शब्दासकट, मुद्दाम द्यावं लागेल: या आठवड्यात ‘रन आउट’, पुढच्या आठवड्यात ‘रन इंटू’. आणि प्रश्नपत्रिकेत ‘रन’चा नुसता समानार्थी शब्द विचारला आणि एखाद्या मुलीने कागदावर ‘कोणत्या?’ असा उलटा प्रश्न लिहिला, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.