जुन्या सायकलीचे काय करावे?

जुने झाले की टाकून द्यावे आणि नवे आणावे, हा आजच्या बाजाराचा धर्म आहे. या धर्माची दीक्षा घ्यावी की न घ्यावी, असा प्रश्न गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात उभा आहे. निमित्त आहे एका विजेच्या सायकलीचे. विषय किरकोळ वाटेल. वार्षिकांकात सायकलीवर काय लिहायचे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी तरी कॉलेजात जाते, त्या घरात कॉलेजला पोहोचायचे कसे हा प्रश्न अभ्यासक्रमाइतकाच मोठा असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव वर, पाचगणीच्या अलीकडे. कॉलेज खाली वाईला. मध्ये पसरणीचा घाट. अंतर दहा-बारा किलोमीटर आणि चढ सुमारे साडेपाचशे मीटर. पहिला तास सकाळी साडेसातला आणि त्या वेळेला जमणारी गाडी नाही. माझे वडील, म्हणजे अण्णा, एका बंगल्यावर माळीकाम करतात. मी एफ.वाय.ला प्रवेश घेतला तेव्हा त्या मालकांनी २०१९ मध्ये घेतलेली आपली डोंगरी बांधणीची विजेची सायकल अण्णांना नऊ हजारांत दिली. रुंद गुटीदार टायर, पुढे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, मागच्या चाकाच्या हबमध्ये २५० वॅटची मोटर, ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची बॅटरी. सकाळी उतरायचे, दुपारी पायडल मारीत आणि मोटरची मदत घेत चढायचे. या सायकलीमुळे माझा पहिल्या वर्षाचा एकही पहिला तास चुकला नाही.

आता बॅटरी थकली आहे. शेवटच्या दोन वळणांवर मोटर गप्प होते आणि चोवीस किलोचे ते धूड हाताने ढकलीत न्यावे लागते. दुकानदार म्हणतात, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, नवी सायकल घ्या. हप्ते बांधून देतो. नातेवाईक म्हणतात, पोरगी कॉलेजात जाते, आता स्कूटी घ्या. सायकल शोभत नाही. एका ओळखीच्या मुलाचा सल्ला असा, की ७५० वॅटची मोटर बसव, घाट कसा वाऱ्यासारखा चढशील! घरात शिल्लक आहे साडेतेरा हजार. त्यात माझ्या शिष्यवृत्तीचे पैसे आहेत आणि आईने स्ट्रॉबेरीच्या हंगामात फळे निवडून, खोक्यांत भरून मिळवलेली मजुरी आहे. धाकटा भाऊ जूनमध्ये अकरावीला जाईल. त्याच्या प्रवेशाचे पैसेही यातूनच काढायचे आहेत. तेव्हा हा निर्णय हौसेचा नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. पण शाळेतले गणित अजून विसरलेले नाही. मी, सायकल आणि दप्तर मिळून ८० किलो धरू. एवढे वजन ५५० मीटर उंच नेण्यासाठी लागणारी ऊर्जा होते सुमारे १२० वॅट-तास. त्यात टायरचे घर्षण आणि मोटरची उष्णतेत वाया जाणारी वीज मिळवली व माझ्या पायांचा वाटा वजा केला, तर एका चढाईला बॅटरीतून दीडशे वॅट-तासांच्या आसपास खर्च होतात. नव्या बॅटरीत ३६ गुणिले १०, म्हणजे ३६० वॅट-तास मावतात. आमच्या जुन्या बॅटरीत त्यातले निम्मेही उरलेले नाहीत. मोटर शेवटच्या वळणांवर का थांबते, त्याचे उत्तर या बेरजेत आहे. मोटर बिघडलेली नाही, सांगाडा वाकलेला नाही, गिअर चालतात. उणे पडले आहेत ते फक्त बॅटरीतले वॅट-तास.

मग याच बॅटरीच्या जागी तेवढ्याच क्षमतेची घातली तर? गरजेच्या दुपटीहून अधिक साठा हाती येईल. ती पुढे झिजून साठ टक्क्यांवर आली, तरी २१६ वॅट-तास उरतील आणि घाट चढता येईल. म्हणजे माझ्या रस्त्याला मोठी मोटर लागत नाही आणि दुप्पट क्षमतेची बॅटरीही लागत नाही. ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थ आपण ‘अधिक’ असा करतो, तिथेच बाजाराचे फावते. सुधारणा म्हणजे जिथे कमी पडते तिथे भर घालणे, एवढाच अर्थ मला पटतो.

७५० वॅटच्या मोटरीविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे जिची शक्ती २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत आहे, अशी विजेची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी, परवाना लागत नाही. ही मर्यादा ओलांडली की ती सायकल राहत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने बिननंबरी मोटारगाडी होते. शिवाय २५० वॅटसाठी घडवलेला सांगाडा आणि ब्रेक तिप्पट जोराला पुरतील कसे?

ब्रेकचे नाव निघाले म्हणून सांगते, सर्वांत आधी पैसे घालायला हवेत ते तिथेच. दुपारी वर चढून जी ऊर्जा मी साठवते, तिचा बराच भाग सकाळी उतरताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरवावा लागतो. चढावर मोटर बंद पडली तर घाम येतो. उतारावर ब्रेक सुटला तर काय होते हे घाटाखालच्या माणसांना सांगायला नको. मौज अशी, की डोंगरी सायकलीचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत १९७०च्या दशकात काही तरुण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. १९७६ पासून त्यांनी एका उतारावर शर्यती भरवल्या. त्या उताराचे नाव पडले ‘रिपॅक’. कारण एकदा खाली येईपर्यंत मागच्या ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी सांगाडा घडवला. म्हणजे आज शोरूममध्ये दिमाखात उभी असणारी डोंगरी सायकल जन्मली ती दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या सायकलींच्या दुरुस्तीतून!

बॅटरीचेही तसेच. तो काळा डबा उघडला तर आत बोटाएवढे घट असतात. प्रत्येकाचा व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. एकापुढे एक दहा आणि प्रत्येक जागी जोडीने चार, असे चाळीस घट मिळून आमची बॅटरी होते. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एवढ्या विद्वत्तेची वस्तू आम्ही ‘मॉडेल बंद झाले’ या तीन शब्दांवर भंगारात घालायची का? घट थकतात हे खरे. पण डबा, कुलूप, जोडणी, चार्जर सारे शाबूत असते. जाणत्या कारागिराकडून नवे घट आणि त्यांवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट बसवून घेता येते. आम्हाला साताऱ्याहून त्याचा अंदाज मिळाला तो साडेनऊ हजारांचा. ब्रेकचे पॅड, तारा, चेन आणि मागचा टायर यांचे दोन हजार. दोन हजार भावाच्या प्रवेशाला उरतात.

यावर प्रामाणिक आक्षेप आहेत. घट भरून घेणे हे कोपऱ्यावरच्या कोणाचेही काम नाही. चुकीची जोडणी झाली तर लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. स्वस्तात सर्किटाशिवाय करून देणाऱ्याकडे जाण्यापेक्षा सायकल ढकललेली बरी. दुसरे, जुन्या सायकलीचे उद्या दुसरे काही मोडेल. मोडेल, पण चेन मोडली तर गावातही मिळते. हप्ते बांधून घेतलेली नवी सायकलही सहा वर्षांनी जुनीच होणार. तेव्हा तिची बॅटरी मिळेल याची हमी कोण देतो? आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. त्याच वर्षी आलेल्या नियमांनी वापरून संपलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. युरोपीय संघाने तर २०२३ मध्ये कायदा करून अशा सायकलींच्या बॅटऱ्या स्वतंत्र कारागिरालाही बदलता आल्या पाहिजेत असे ठरवले. म्हणजे हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही.

राहता राहिला ‘शोभत नाही’ हा मुद्दा. पाली वाङ्मयातील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सारे भाग एकत्र आले की त्यांना रथ हे नाव मिळते, एवढेच त्यातून निघते. घट बदलले, ब्रेक बदलले, मग ही सायकल जुनी की नवी, असा वाद घालणाऱ्यांना मी नागसेनाकडे पाठवीन. माझ्यापुरती तिची ओळख एवढीच, की ती मला साडेसातला वर्गात बसवते आणि दुपारी आईच्या हाताखाली कामाला पोहोचवते.

तेव्हा मत विचाराल तर, विद्यार्थिमित्रहो, आधी ब्रेक, मग टायर, मग बॅटरी. मोटरीला हात लावायचा नाही आणि हप्त्याच्या कागदावर सही करायची नाही. आई आणि अण्णांपुढे मी हा हिशेब वहीवर मांडला. आईला वॅट-तास कळले नाहीत. पण दोन हजार उरतात हे कळले आणि तिने मान हलवली.

जाता जाता आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मंडळाला एक विनंती. आपल्या सायकल स्टँडवर एक कुलूपबंद, छपराखालचा प्लग, एक हवेचा पंप आणि पान्यांची एक पेटी ठेवावी. माझी पूर्ण बॅटरी भरायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. तेवढे पैसे विद्यार्थी आनंदाने भरतील. घाटाच्या वरून, खालून आणि पलीकडून सायकलीवर येणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याचा पहिला तास पंक्चरमुळे बुडू नये, एवढे तरी कॉलेजला करता येईल.