मनोरीच्या खडकांची कुळकथा

मालाडहून मार्व्यास जावें, खाडींतील तरींत बसावें आणि थोड्याच वेळांत पलीकडे उतरावें, म्हणजे मनोरी गांव लागतें. सुटीच्या दिवशीं तेथें जाणारी मंडळी वाळू, माडांची सावली आणि समुद्रावरचा वारा यांच्यासाठीं जाते, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु मनोरीपासून गोराईपर्यंत जे खडक उघडे पडले आहेत त्यांचा एकेक तुकडा प्रयोगशाळेंत नेऊन कांहीं विद्वानांनीं त्याच्या पिढ्यान् पिढ्यांची चौकशी केली आहे, हें आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

या विद्येस भूरसायन म्हणतात. खडकांत कोणतीं मूलद्रव्यें किती आहेत हें मोजावयाचें, आणि त्या मापावरून तो कोठें जन्मला, कोणत्या वाटेनें वर आला व वाटेंत कोणाच्या संगतीस लागला हें ठरवावयाचें, असा हा व्यवसाय आहे. नॉर्वेंत कार्य केलेले व्हिक्टर गोल्डश्मिट (१८८८–१९४७) यांस या शास्त्राचे जनक मानतात. मूळ अडचण अशी कीं, ज्याविषयीं जाणावयाचें तें दृष्टीस पडत नाहीं. भूखंडाखालचें कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतें, आणि त्याच्या खालीं २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण पसरलें आहे. कोला द्वीपकल्पावर रशियन लोकांनीं पाडलेलें छिद्र १९८९ सालीं १२,२६२ मीटरांपर्यंत पोंचलें आणि तेथेंच थांबलें. म्हणजे कवचाचाही जेमतेम तिसरा हिस्सा. (प्रावरण हा शब्द संस्कृतांत अंगावर पांघरावयाच्या वस्त्रास लावतात. पृथ्वीच्या गाभ्याभोवतीं गुंडाळलेलें म्हणून तें प्रावरण. मात्र जिचें पांघरूण चिलखताच्या आंत असतें अशी व्यक्ति पृथ्वीखेरीज दुसरी आढळावयाची नाहीं!)

मग प्रावरणाची वार्ता आणावी कोणी? ती ज्वालामुखीचा रस आणतो. प्रावरणाचा अल्पसा अंश वितळून वर येतो आणि थिजतो. तोच बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. सुमारे ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं त्याचे थरांवर थर दख्खनवर पसरले, आणि आज उरलेलें त्यांचें क्षेत्रच सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर आहे. पण हा दूत निर्लेप रहात नाहीं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक ठेवलें असतां तें कळकतें, त्याप्रमाणें कवचांतून वर येतांना रस जेथें रेंगाळला तेथील चव त्यास लागते. ही चव जिभेस कळत नाहीं. ती स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि शिसें यांच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखावी लागते. पवईच्या आय. आय. टी.मधील प्रा. के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे इंग्रज व अमेरिकन सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत घाटांच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगड वेंचून त्यांचे असे वर्ग पाडले. त्या वर्गांचीं नांवें ऐकून आम्हांस मौज वाटली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एस्. टी.च्या फलकावर शोभणारीं हीं नांवें आज जगांतील भूशास्त्रज्ञ उच्चारतात. यांपैकीं बुशेचा थर कवचाच्या संगतीनें फार कळकलेला, तर आंबेनळीचा जवळजवळ निर्मळ.

मनोरीचा फिकट खडक मात्र या काळ्या कुळांतला नव्हे. त्यास ट्रॅकाइट म्हणतात. त्यांत वाळूचें मूलद्रव्य आणि पोटॅशियम बेसाल्टाहून पुष्कळ अधिक असतें. मुंबईच्या जुन्या इमारतींत जो पिवळसर मालाड दगड दिसतो तोही याच गोतांतला. त्याचें वय काढण्यास पोटॅशियमच उपयोगीं पडतें. त्याचा एक प्रकार अतिशय संथपणें आर्गॉन वायूंत पालटतो. अर्धा होण्यास त्यास १२५ कोटि वर्षें लागतात. दगड अणुभट्टींत ठेवून, मग टप्प्याटप्प्यानें तापवून, कोंडलेला वायु मोजला कीं वय निघतें. हेतु शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी या तिघांनीं २००१ सालीं मनोरीच्या व साकीनाक्याच्या ट्रॅकाइटांचें वय ६ कोटि ते ६ कोटि २० लाख वर्षांच्या दरम्यान ठरविलें. म्हणजे घाटांवरील मुख्य पूर ओसरल्यावर तीस लाखांहून अधिक वर्षांनीं मुंबईच्या बाजूस अग्नि पुन्हां जागा झाला होता.

पुढील कथा याहून रसाळ आहे. मनोरी-गोराईच्या फिकट खडकांत, शिऱ्यांत बेदाणे दिसावेत तसे, काळसर गोळे रुतलेले आहेत. त्यांच्यावर गेऑर्ग झेल्मर, हेतु शेठ आणि तैवानमधील त्यांचे दोन सहकारी यांचा निबंध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. खालून आलेला तप्त बेसाल्टाचा रस ग्रॅनाइटासारख्या खडकांत शिरला. त्या खडकांचा कांहीं भाग वितळला. दोन्ही रस एकत्र आले, कोठें पुरते मिसळले तर कोठें नुसते शेजारीं राहिले. आणि ही घुसळण एकदां नव्हे, अनेकदां झाली, असा त्यांचा निष्कर्ष. पुरावा फेल्स्पारच्या स्फटिकांत सांपडला. मिश्र जातीच्या एका भित्तींतील स्फटिकांत, एकेकाच्या पोटींच, पांच निरनिराळ्या घडणींचे अंश निघाले. शिशाचीं समस्थानिकें तर एकाच उघड्या खडकावर बदलतात. एवढ्याशा दाण्यावरून एवढा इतिहास वाचणें म्हणजे मोडीचें फाटलेलें पान लावण्यासारखेंच चिकाटीचें काम आहे, असें आम्हांस वाटतें.

मूळ अग्नि कोठून आला, याविषयीं मात्र विद्वानांत एकमत नाहीं. प्रावरणाच्या तळापासून उष्ण द्रव्याचा स्तंभ उसळतो, आणि आज रीयुनियन बेटाखालीं असलेल्या तशाच स्तंभानें दख्खन निर्माण केलें, असें मत जेसन मॉर्गन यांनीं १९७१ पासून मांडलेल्या कल्पनेवर उभें आहे, व तें बहुमान्य आहे. पवईस प्राध्यापकी केलेले शेठ यांनीं २००५ सालीं या मताविरुद्ध सविस्तर निबंध लिहिला : भूखंड ताणलें जाऊन फाटलें, त्यानेंच हें सर्व घडलें. निर्णय करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु आपल्या उंबऱ्यावरील दगड हातांत घेऊन जगाच्या मतास हरकत घेणारा माणूस आम्हांस आवडतो, हें सांगण्यास प्रत्यवाय नसावा.

गेल्या वर्षीं आमच्या चुलतभावाच्या नातीनें भूशास्त्राकडे जाण्याचा हट्ट धरला, तेव्हां घरच्या वडीलधाऱ्यांनीं आम्हांस मध्यस्थ म्हणून बोलाविलें. दगड फोडावयास एवढें शिकावें लागतें काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. मुलीनें एकटीनें रानोमाळ हिंडावें काय, हा दुसरा. पहिल्यांत तथ्य आहे तें आम्ही लपविलें नाहीं. एक निबंध सिद्ध होण्यास वर्षें जातात, यंत्रें महाग, नोकऱ्या मोजक्या, आणि चाळिशीपर्यंत स्थैर्य येईल अशी हमी कोणी देत नाहीं. घरानें तेवढा काळ धीर धरण्याची तयारी आहे कीं नाहीं, हाच विचारण्याजोगा प्रश्न, असें आम्ही म्हणालों. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तिच्या आजीनें माजघरांतूनच दिलें : “मी हरिश्चंद्रगड चढलें तें नऊवारी नेसून. हिच्या पायांत तर बूट आहेत.” बैठक तेथेंच संपली. मुलगी आतां दुसऱ्या वर्षास आहे.

हे दगड तिची वाट पहात थांबतीलच असें नाहीं. अंधेरीचा गिल्बर्ट टेकडीचा स्तंभ पहा. सुमारें ६ कोटि ५ लाख वर्षांचा तो खडक भोंवतालच्या खाणींनीं इतका पोखरला गेला कीं, आज माथ्यावरील गांवदेवीच्या देवळासह इमारतींच्या गर्दींत एकटा उभा आहे. मनोरीस जाणें झालें तर ओहोटीची वेळ पाहून जावें. हातोडी नेऊं नये. साधें भिंग पुरे. फिकट खडकावर काळसर गोळा दिसला कीं त्याच्या कडेशीं भिंग धरून पहावें. तेथें कड कोठें स्पष्ट असते, कोठें विरघळलेली.