संगिनीचे माहेर

खंडेनवमीच्या आदल्या रात्री माझ्या हातून जे पाप घडले, ते वाचकांपाशी कबूल करायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक संगीन आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून ते मेसोपोटेमियात गेले आणि १९१९ साली परतले ते एक ट्रंक, अंगात मुरलेला हिवताप आणि ही संगीन घेऊन. तुर्की फौजेला रायफली नि संगिनी जर्मनीकडून पुष्कळ मिळत. तेव्हा जर्मन पोलाद तैग्रिसच्या काठी सापडावे यात नवल नाही. आजीला मात्र या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. ती संगिनीने नारळ सोलीत असे.

तर त्या रात्री, उद्या पूजेला शस्त्र लख्ख हवे या उत्साहाने, मी एमरी पेपर घेतला नि तासभर पाते घासले. सौभाग्यवतींनी कौतुकही केले. दुसऱ्या दिवशी सोने द्यायला आमचे एक स्नेही आले. जुनी शस्त्रे जमवण्याचा त्यांना चाळीस वर्षांचा नाद. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाते खिडकीशी नेले आणि म्हणाले, "अहो, संगीन उजळलीत खरी, पण तिचे माहेर पुसलेत की!"

माहेर म्हणजे कारखान्याचा शिक्का. मुठीला लागून पात्याचा जो सपाट भाग असतो, तिथे तो ठोकलेला असतो. तोपर्यंत मी त्याला गंजाचा डाग समजत होतो.

त्या दिवसापासून हा छंद मला चिकटला. ऱ्हाइनकडच्या सोलिंगेन गावात मध्ययुगापासून पाती घडतात. तिथल्या कारागिरांना आपल्या निशाणीचा भारी अभिमान. हेंकेल्सांची जुळ्या भावांची छाप १३ जून १७३१ रोजी तिथल्या कारागीर-संघाकडे नोंदली गेली आणि ती आजही स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवर दिसते. त्याहून जुना म्हणजे धावता लांडगा. तो मूळचा पासाऊ गावचा, पण सोलिंगेनकरांनी खुशाल उचलला. आपल्याकडे सरळ पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणत, कारण पाते युरोपातून येई आणि मूठ इथे चढे. अशा काही फिरंगींवर हा लांडगा सापडतो. नक्कल करण्याची खोड फक्त आपल्याच बाजारपेठेत आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे तर निशाण्यांचे प्राणिसंग्रहालयच झाले. कार्ल आइकहोर्नची खार, कारण त्याच्या आडनावाचा उच्चार खारीच्या जर्मन नावाशी जुळतो. रॉबर्ट क्लासचे चोचीला चोच लावलेले दोन पक्षी. ह्योलरने काय निवडावे, तर थर्मामीटर! पण ही सगळी ऐट बहुधा शिपायाने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, सुट्टीच्या दिवशी कमरेला लटकवायच्या संगिनींवर. सरकारी संगिनीवर नुसते नाव नि गाव. पात्याच्या पाठीवर मुकुट, राजाचे आद्याक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. आमच्या संगिनीची पाठ मी नशिबाने घासली नव्हती. तिथे मुकुट, डब्ल्यू आणि १५ स्वच्छ दिसतात. डब्ल्यू म्हणजे विल्हेल्म, साल १९१५. मात्र त्या काळी व्यूर्टेंबर्गच्या राजाचेही नाव विल्हेल्मच होते, म्हणून नवशिक्याने एवढ्यावरून फार बोलू नये. बव्हेरियाचा एल आणि सॅक्सनीचा एफए ओळखायला सोपे.

१९३४ पासून हे सारे लपवाछपवीचे झाले. व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रांवर बंधने घातली होती. कोण किती माल करतो हे बाहेर कळू नये म्हणून नावाऐवजी एस आणि एक आकडा आला. सालाचेही अक्षर झाले: १९३४ ला के, १९३५ ला जी. मध्यंतरी काही वर्षे नावे परत आली आणि १९४० पासून तीन अक्षरांची सांकेतिक खूण. खारवाला आइकहोर्न झाला सीओएफ. ह्योर्स्टर झाला एएसडब्ल्यू.

आमच्या पात्यावर माझ्या कृपेने राहिली होती फक्त तीन अक्षरे: ओ आणि दोन पी. स्नेही म्हणाले, दोनच घराणी संभवतात. एक बीलेफेल्डचे ड्यूरकॉप. हे मुळात शिवणयंत्रे नि सायकली करणारे, पण महायुद्धात संगिनीच्या कामाला जुंपलेले. दुसरे सोलिंगेनचे कॉपेल. तीन रविवार आम्ही भिंग घेऊन बसलो. शेवटी दिवे मालवून, टॉर्च पात्याला अगदी आडवा धरला, तेव्हा खालच्या ओळीच्या टोकाला 'एनजीईएन' अशी सावली उमटली. सोलिंगेन! म्हणजे कॉपेल.

मी आनंदाने ओरडलो. स्नेही गप्प होते. "आता त्यांचे पुढे काय झाले तेही वाचा," एवढेच म्हणाले.

ते वाचले. कॉपेल हे ज्यू घराणे. पेढी १८२१ पासूनची. गुस्ताव कॉपेल यांना त्या गावाने सन्माननीय नागरिक केले होते. ज्यांचे नाव कैसरच्या शिपायांनी चार वर्षे कमरेला बाळगले, त्यांच्याकडून नाझी राजवटीत कारखाना हिरावला गेला. गुस्ताव यांचे पुत्र अलेक्झांडर, जन्म १८६५ चा, यांना १९४२ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, थेरेसिएनश्टाटच्या छावणीत नेले आणि त्याच वर्षी ते तिथे वारले. कारखाना मात्र चालूच राहिला. १९४० नंतरच्या त्याच्या पात्यांवर एफएनजे अशी खूण असे. आज सोलिंगेनमध्ये अलेक्झांडर यांच्या नावाची शाळा आहे.

त्या रात्री मला झोप लागेना. पुसणारा मी पहिला नव्हतो खरा, पण हातात एमरी पेपर माझ्याच होता.

सौभाग्यवतींना सगळे सांगितले. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग विचारले, "त्यांचे पूर्ण नाव काय म्हणालात?" मी सांगितले. यंदाच्या खंडेनवमीला संगीन पाटावर ठेवली, तेव्हा त्यांनी हळदकुंकू मुठीला वाहिले आणि पात्याला बोट लागू दिले नाही. चिरंजीव पॉलिशची डबी घेऊन आले होते. ती त्यांनी काढून घेतली आणि त्यांना समया घासायला बसवले.